सहा बेचाळीसचं अस्वल

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी अस्वल मेलं. डॉक्टरांनी तपासलं, तिघांनी टोप्या काढल्या, शिंग वाजलं, आणि रिवाजाप्रमाणे अस्वलाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून स्प्रूसच्या झाडाची हिरवी डहाळी ठेवली. सुही लाझ शिकारी मंडळाच्या वहीत तशी नोंद आहे आणि खाली दोन सह्या आहेत. तर यातलं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. अस्वलानेही तसंच धरलं होतं.

गाश्पेर मोहार शिकार करत नसे, शिकारीची कॅसेट करत असे. त्या वर्षांत कोचेव्येच्या जंगलात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दोन गोष्टी घरी न्यायच्या असत, कातडं आणि कॅसेट. पाहुण्याला अस्वलापर्यंत नेण्याचं काम सिरिल बार्तोलचं, आणि अस्वलाला पाहुण्याच्या टीव्हीपर्यंत नेण्याचं गाश्पेरचं. सिरिल म्हणजे गाश्पेरचा सासरा. वय त्रेसष्ट, बायको जाऊन चार वर्षं झालेली, दोनपैकी एकच गुडघा नोकरीवर. छातीवर वाटाड्याचा पितळी बिल्ला. तो आंघोळीलाही काढत नाही, असं त्याची मुलगी पोलोना म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी सिरिलच्या एका पाहुण्याने मोठं हरीण जखमी केलं होतं आणि ते सापडलं नव्हतं. तेव्हा सिरिलला लेखी ताकीद मिळाली. दुसऱ्या ताकिदीला बिल्ला जातो. बिल्ला गेला की मागे उरणार एक विधुर आणि त्याचा गुडघा, हे सिरिलला माहीत होतं. त्यामुळे तो फार जपून शिकार घडवत असे. इतका जपून, की गेल्या हंगामात दोन पाहुणे मचाणात झोपी गेले आणि तो हिशोबही त्याने 'सुखरूप' या सदरात धरला.

शनिवारचा पाहुणा होता ग्राझचा दातांचा डॉक्टर, राइनहोल्ड झ्वेटलर. उंच, नम्र, आणि कपडे इतके कोरे की हलला की करकर आवाज यायचा. प्रत्येक करकरीला सिरिल डोळे मिटून घ्यायचा. तिघं मचाणात बसले होते. ऐंशी पावलांवर मक्याचे दाणे टाकले होते. सहा चाळीसला अस्वल आलं, मक्यापाशी बसलं आणि घरच्यासारखं जेवायला लागलं. गाश्पेरने कॅमेरा सुरू केला. डॉक्टरांनी गोळी झाडली. अस्वल जागच्या जागी कोसळलं. पाय झाडले नाहीत, आवाज केला नाही. कोणी पलंगावर ओव्हरकोट टाकावा तसं पडलं.

यानंतर येते सिगारेट. गोळी लागल्यावर एक सिगारेट पुरी होईपर्यंत खाली उतरायचं नाही, रायफल रोखून बसायचं, हा या जंगलातला सगळ्यात जुना नियम. कारण गोळी मणक्याच्या वरच्या टोकाला नुसती चाटून गेली, तरी जनावर मेल्यासारखं पडतं. मग त्याला आठवतं की आपण मेलेलो नाही. जानेवारीत सिरिलने सिगारेट सोडली होती, पण नियमापुरतं एक पाकीट ठेवलं होतं. तो सिगारेट पेटवून फळीवर ठेवायचा आणि ती बिचारी एकटीच जळायची.

"बाबा, ऊन चाललंय," गाश्पेर कुजबुजला. "चार मिनिटांत डोंगराआड जाईल. मग सगळं राखाडी येतं."

"येऊ दे."

"राखाडीत अस्वल दगडासारखं दिसतं. मागच्या पाहुण्याच्या बायकोने मला फोनवर विचारलं, आमचे हे दगडाशेजारी गुडघे टेकून का बसलेत?"

"अर्धी राहिली आहे अजून."

"अहो, ती सिगारेट मी कापणारच आहे. पाच मिनिटं सिगारेट कोण बघत बसणार?"

"मग फिल्ममध्ये काप ना, जावईबापू. इथे कशाला कापतोस?"

डॉक्टर हळूच खोकले. म्हणाले, नियमाबद्दल त्यांना पूर्ण आदर आहे, पण त्यांच्या पत्नीला उन्हातलं जास्त आवडतं. सिरिलने डॉक्टरांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि सिगारेट बुटाखाली विझवली.

खाली गेल्यावर सिरिलने नेहमीप्रमाणे एक काडी मोडून घेतली. काडी डोळ्याला लावायची, पापणी हलली नाही म्हणजे संपलं.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मी डॉक्टर आहे."

हे वाक्य ऐकल्यावर कोणीही माणूस काडी खाली टाकतो. सिरिलनेही टाकली. डॉक्टरांनी गुडघे टेकले, अस्वलाचा वरचा ओठ उचलला आणि दोन बोटं आत घालून दात पाहिले. "डावीकडचा सुळा किडलाय," ते हळहळून म्हणाले. "याला त्रास होत असणार." गाश्पेरने जवळून घेतलं. मग डहाळी ठेवली, टोप्या काढल्या, सिरिलने शिंग वाजवलं. ऊन इतकं छान होतं की गाश्पेरला भरून आलं.

अस्वल ओढायला दोरी जीपमध्ये होती आणि जीप रस्त्यावर, तीनशे पावलांवर. गाश्पेरने कॅमेरा स्टँडवर चालूच ठेवला. फिल्मच्या शेवटी नावं दाखवायला मागे एखादं शांत दृश्य लागतं. डॉक्टरांना त्यांनी ब्लूबेरीच्या दारूची बाटली देऊन जीपमध्ये बसवलं. दोरी घेऊन दोघं परत आले तेव्हा वीस मिनिटं झाली होती आणि शांत दृश्य आणखी शांत झालं होतं. गवत चेपलेलं होतं. अस्वल नव्हतं.

सिरिलने वाकून चेपलेल्या गवतावर हात फिरवला.

"लांब गेलं नसेल," तो म्हणाला. "शंभर पावलांत पडलं असणार. सकाळी मी आणतो."

"बाबा, जखमी अस्वल लगेच कळवायचं असतं. कुत्रा घेऊन माणूस येतो."

"जखमी कळवायचं असतं. हे मेलंय."

"मेलंय तर कुठंय?"

"सकाळी सांगतो म्हटलं ना!"

जीपमध्ये डॉक्टरांना सांगण्यात आलं की अस्वल दुसऱ्या वाटेने तळघरात थंडीत ठेवायला गेलं. शब्दशः पाहिलं तर यातला अर्धा भाग खरा होता. मंडळाच्या घरी अध्यक्ष फेलिक्स क्नाउस वही उघडून तयारच होता. फेलिक्सला दोन गोष्टी प्रिय होत्या, शांतता आणि भरलेले रकाने. वजनाच्या रकान्यात सिरिलने एकशे बेचाळीस किलो लिहिलं, कारण बेचाळीस हा आकडा डोक्यात घोळत होता. सही केली. सगळ्यांनी पेले उचलले. परवाना वापरला गेला, अस्वल कागदावर मेलं, आणि उद्या दुपारी मंडळाच्या जेवणानंतर फिल्म दाखवायचं ठरलं.

रविवारी सकाळी सहापासून गाश्पेर कामाला बसला. एकावर एक दोन व्हीसीआर, वर टीव्ही, समोर निवेदनाचा कागद. निवेदन तो स्वतःच्या आवाजात करायचा. आवाज इतका गंभीर, की एका बव्हेरियन बाईंनी फिल्म संपल्यावर त्याचं सांत्वन केलं होतं. नऊपर्यंत छोटी फिल्म तयार झाली. मका, गोळी, ऊन, दात, टोप्या, शिंग, समाप्त. सिगारेट कापायची गरजच पडली नाही.

एकच गोष्ट त्याला खटकत होती. दातांच्या जवळच्या दृश्यात कॅमेऱ्याची काच मधूनच धुरकट व्हायची. एप्रिलमधला दमटपणा, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं. आता सहज घड्याळ लावून पाहिलं. काच धुरकट होई, निवळे. पुन्हा धुरकट होई, निवळे. दर चार सेकंदांनी. दमटपणा इतका शिस्तीचा नसतो.

गाश्पेरने कॅसेट मागे घेतली. डॉक्टरांची दोन बोटं सुळ्यावर. धूर. निवळलं. बोटं दाढेपर्यंत. धूर. निवळलं.

"श्वास आहे तो," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याच्या पाठीवरून मुंगी चालत गेल्यासारखं झालं.

मग त्याने उरलेली कॅसेट लावली, स्टँडवर चालू राहिलेली. सोळा मिनिटं काही झालं नाही. सतराव्या मिनिटाला अस्वलाने तोंडातली डहाळी चावली. नीट, विचारपूर्वक. चव पसंत पडली नसावी, कारण त्याने ती बाहेर ढकलली. मग बसलं. डॉक्टरांची टोपी गवतात राहिली होती, तिच्यावरच बसलं. पाठ जोरजोरात खाजवली. उठलं आणि चालायला लागलं. लंगडत नव्हतं, धडपडत नव्हतं.

याच वेळी पोलोना दार ढकलून आत आली.

"बाबा घरी नाहीत. रायफल नाही. अंथरूण गार. कुठे गेले ते तुला माहितीये, आणि तू मला सांगत नाहीयेस."

गाश्पेरने टीव्हीकडे बोट दाखवलं. पोलोनाने मृत अस्वलाला चालताना पाहिलं.

"हे कालचं?"

"हो."

"शिंग वाजवण्याच्या आधीचं?"

"नंतरचं."

पोलोना खुर्चीवर बसली. दोघांनी मिळून पुढचं पाहिलं, आणि तिथेच गाश्पेरच्या तोंडचं पाणी पळालं. जखमी जनावर उताराने खाली, दरीकडे जातं. सिरिल चाळीस वर्षं सगळ्यांना हेच शिकवत आला होता आणि आजही तो दरीकडेच तोंड करून शोधणार होता. हे अस्वल वर गेलं. कॅमेऱ्याच्या कडेकडेने मचाणाला वळसा घातला, शिडीमागच्या दाट झुडपात शिरलं आणि आडवं झालं. कॅसेट संपेपर्यंत झुडपातून एक पाय दिसत होता.

"म्हणजे बाबा जिथून शोधायला सुरुवात करणार..." पोलोना म्हणाली.

"तिथेच ते झोपलंय."

"मग बसलायस काय, दगडासारखा! फेलिक्सला फोन कर!"

"फेलिक्सला केला की बिल्ला गेला."

"आणि नाही केला तर?"

गाश्पेरने फोनकडे पाहिलं, कॅसेटकडे पाहिलं. छोटी कॅसेट डाव्या खिशात टाकली, मोठी उजव्या खिशात, आणि गाडीची किल्ली उचलली. "मी आणतो त्यांना. दहा मिनिटांचं काम आहे. अकरापर्यंत आलो नाही तर कर फोन." शिकार न करणारा माणूस जंगलाबद्दल असाच बोलतो.

जीपचा रस्ता संपला तिथून तो चालत निघाला. हातात काही नव्हतं. निघताना सवयीने त्याने कॅमेरा गळ्यात अडकवला होता, हे त्याला अर्ध्या वाटेत कळलं. ओरडावं की नाही हे ठरेना. ओरडलं तर सासऱ्यालाही ऐकू जाईल आणि अस्वलालाही. न ओरडावं तर दोघांपैकी कोण आधी भेटेल याचा भरवसा नाही. शेवटी तो मधल्या आवाजात "बाबा... बाबा..." करत गेला.

मचाण दिसलं. मचाणात सिरिल दिसला. सिरिल दोन्ही हातांनी जोरजोरात 'मागे जा' अशी खूण करत होता, आणि गाश्पेरला ते स्वागत वाटलं. तो आणखी दहा पावलं पुढे गेला. तेव्हा शिडीच्या पायथ्याशी त्याला अस्वल दिसलं. मचाणाखाली ठेवलेलं मक्याचं पोतं फाडून, पालथं पडून आरामात दाणे टिपत होतं. दोघांमध्ये तीस पावलं.

"हलू नकोस," सिरिल वरून दबक्या आवाजात म्हणाला.

"कधीपासून आहे हे?"

"सहापासून. मी शिडी चढलो आणि मागोमाग हे आलं."

"चार तास? मग मारलं का नाहीत? खाली तर आहे!"

"कुठल्या परवान्यावर?"

गाश्पेरला प्रश्न कळला नाही.

"अरे, परवाना एका अस्वलाचा," सिरिल सहनशीलतेने म्हणाला. "ते काल मेलं. वहीत आहे, माझी सही आहे. आज हे मारलं तर दुसरं होतं. दुसरं म्हणजे चोरटी शिकार. ताकीद नाही, तुरुंग."

"पण हे तेच आहे!"

"तेच आहे असं म्हटलं की काल मेलं नव्हतं असं होतं."

"मग काल मेलं नव्हतंच ना!"

"ओरडू नकोस, उठेल ते."

अस्वल उठलं. आधी त्याने मान वळवून गाश्पेरकडे पाहिलं, मग उरलेल्या मक्याकडे, आणि बहुधा त्या दोघांचा काहीतरी संबंध आहे असं ठरवलं. ते चालत आलं. घाई नाही. पंचवीस पावलं. वीस.

"पळायचं नाही," सिरिल म्हणाला. त्याने रायफल खांद्याला लावली होती. "उभा राहा. शांत आवाजात बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही! माणूस आहेस हे कळू दे त्याला!"

गाश्पेरच्या डोक्यात त्या घटकेला एकच मजकूर होता. तोच बाहेर आला, त्याच गंभीर आवाजात.

"कोचेव्येच्या प्राचीन अरण्यात वसंताची संध्याकाळ उतरत होती. निसर्गाचा हा अनभिषिक्त सम्राट आणि ग्राझचे सुप्रसिद्ध दंतवैद्य आज समोरासमोर येणार होते..."

अस्वल थांबलं. पंधरा पावलं. कान पुढे आले.

"चालू ठेव," सिरिल पुटपुटला.

"...डॉक्टर झ्वेटलर यांचा हात थरथरला नाही. त्यांचा नेम अचूक, त्यांचं मन स्थिर. एकच गोळी, आणि अरण्याचा तो सम्राट..." इथे गाश्पेर अडखळला, कारण पुढचं वाक्य समोरच्याला आवडेल असं नव्हतं. "...आणि अरण्याचा तो सम्राट किंचित नाराज झाला."

अस्वलाने नाकातून जोरात हवा सोडली आणि आणखी चार पावलं टाकली. आता त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, केसांत पडलेली बोटभर रेघ स्पष्ट दिसत होती. गोळी तिथून केस विंचरून गेली होती. वासही येत होता, ओल्या घोंगडीचा आणि मक्याचा. 

"बाबा," तो निवेदनाच्याच सुरात म्हणाला, "याच सुमारास अनुभवी वाटाड्या सिरिल बार्तोल यांनी काहीतरी करावं, असं सर्वांना वाटू लागलं."

 सिरिलचा गाल रायफलीला चिकटला होता. अस्वलाचा खांदा समोर होता, अंतर पोरखेळ. गोळी घातली तर जावई वाचेल, बिल्ला जाईल, आणि सिरिलही बहुधा आत जाईल. न घातली तर पोलोनाला जाऊन काय सांगायचं? अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. आता ते गाश्पेरपेक्षा उंच झालं.

"परवाना गेला खड्ड्यात," सिरिल मोठ्याने म्हणाला. "पोरा, डोळे मीट!"

गोळी सुटली. अस्वलाच्या पायाशी माती उडाली, ढेकूळ त्याच्या पोटावर बसलं. शेवटच्या क्षणी सिरिलची नळी हातभर खाली आली होती. का आली, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. अस्वल चारी पायांवर आलं, मातीकडे पाहिलं, मचाणाकडे पाहिलं. दोन दिवसांत दोनदा असा अनुभव आल्यावर कोणालाही वाटेल तसं त्याला वाटलं असावं. ते वळलं आणि डोंगर चढून निघून गेलं. धावत. एका सरळ रेषेत. गाश्पेर उभ्याउभ्याच खाली बसला.

परतताना गाश्पेरने गाडी चालवता चालवता आपले दोन्ही खिसे चाचपले.

"दोन कॅसेट आहेत," तो म्हणाला. "डाव्या खिशात छोटी. तीत मेलंय. उजव्या खिशात सगळी."

"छोटी लाव," सिरिल म्हणाला. "कातड्याचं मी बघतो. माझ्याकडे एक जुनं आहे."

मंडळाच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टरसाठी पांढरी चादर लावली होती. हरणाच्या रश्श्याचा वास सुटला होता, टेबलावर पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापून ठेवली होती, आणि फेलिक्स दारातच वही घेऊन उभा होता. अकराला फोन करण्याऐवजी फेलिक्सला गाठायला थेट इथेच आलेली पोलोना खिडकीपाशी होती. दोघांना पाहून तिने घड्याळावरची नजर काढली.

"दहा वाजून वीस मिनिटांनी गोळी कोणाची?" फेलिक्सने विचारलं. "इथपर्यंत ऐकू आली. प्रत्येक गोळीची नोंद लागते, सिरिल."

"रायफल तपासत होतो," सिरिल म्हणाला.

"बरोबर आहे का?"

"काय?"

"रायफल."

"थोडी खाली मारते."

फेलिक्सचं समाधान झालं. तो लिहायला लागला. गाश्पेरला वाटलं, झालं, सुटलो. त्याने डाव्या खिशात हात घातला.

"बरं झालं, ते अस्वल गेलं," फेलिक्स लिहितालिहिता म्हणाला. "दोन आठवडे मी बायकांना वर रानलसूण खुडायला जाऊ देत नव्हतो. आता सांगितलंय, उद्या खुशाल जा. बारा-तेरा जणी आहेत. पोरंही घेऊन जाणार आहेत."

सिरिल चादरीकडे पाहत होता. त्याचा हात बिल्ल्यावर गेला, तसाच राहिला.

"लिहू नकोस," तो म्हणाला.

"अर्धं लिहून झालंय."

"मग अर्धंच राहू दे. गाश्पेर, सगळी लाव."

"बाबा..."

"सगळी म्हटलं ना. सुरुवातीपासून. काही कापू नकोस."

अकराजणांनी फिल्म बसून पाहिली. दातांच्या दृश्याला गाश्पेरने नुसतं म्हटलं, "काचेकडे बघा." पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. तिसऱ्या धुराला स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी "अगं आई" म्हणून खुर्ची मागे घेतली. डॉक्टर झ्वेटलर करकरत उभे राहिले. पडद्यावर त्यांची बोटं दाढेपर्यंत गेली तेव्हा त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं मोजली. पुन्हा मोजली. पुढे अस्वल त्यांच्या टोपीवर बसलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे," ते म्हणाले, "भूल न देता जिवंत जंगली अस्वलाचे दात तपासणारा मी पहिलाच?"

कोणीच उत्तर दिलं नाही. डॉक्टरांनी ते होकार समजून मोठ्या कॅसेटच्या तीन प्रती मागितल्या. कातड्याबद्दल त्यांनी पुन्हा चौकशी केली नाही. सुळ्याबद्दल मात्र दोनदा केली.

फेलिक्सने बायकांना निरोप पाठवला, कुत्रेवाल्याला फोन केला आणि मग सिरिलसमोर येऊन उभा राहिला. बिल्ला काढायचा कसा हे त्याला माहीत नव्हतं, मागची पिन गंजून कापडात रुतली होती. सिरिलनेच मदत केली. जिथे बिल्ला होता तिथे कोटाचा रंग अजून नवा होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," फेलिक्स म्हणाला. "नियम आहे."

"माहितीये. मीच शिकवतो सगळ्यांना." सिरिलने कोटावरच्या त्या नव्या रंगावर बोट फिरवलं. "शिकवायचो."

गाश्पेरला काहीतरी बोलायचं होतं. ऊन, चार मिनिटं, त्याची चूक, असं काहीतरी. पोलोनाने त्याच्या दंडाला चिमटा काढला. 

कुत्रेवाला दोन दिवस फिरला. त्याच्या अहवालात सात केस, रक्ताचे शून्य थेंब आणि 'अस्वल पळताना अतिशय निरोगी' अशी नोंद आहे. अहवाल हाती आला त्या दिवशी सिरिल स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला. गाश्पेरने लिहून घेतलं, पोलोनाने शुद्धलेखन पाहिलं, आणि तिघांनी मिळून शिकार निरीक्षकांना पुढील अर्ज पाठवला.

*प्रति, मा. शिकार निरीक्षक. विषय: मृत म्हणून नोंद झालेल्या अस्वलास हयात घोषित करणेबाबत. महोदय, दि. १८ एप्रिल रोजी सायं. ६.४२ वाजता मृत झालेले अस्वल (१४२ किलो, अंदाजे) हे प्रत्यक्षात मृत झाले नसून त्यास इजाही झालेली नाही, असे सोबतच्या अहवालावरून स्पष्ट होते. जे मेले नाही ते मारले गेले नाही, व ज्यास जखम नाही ते जखमी नाही. सबब ताकिदीस आधार राहत नाही. तरी सदर अस्वलाची नोंद रद्द करावी, परवाना न वापरलेला समजावा व अर्जदाराचा बिल्ला परत द्यावा. सदर अस्वल स्वतः कार्यालयात हजर राहण्यास तयार नसल्याने सोबतची कॅसेट हाच त्याचा हयातीचा दाखला म्हणून मान्य करण्यात यावा, आणि या अर्जावर निर्णय होईपर्यंत मंडळाच्या वहीत त्यास 'मृत' ऐवजी 'गैरहजर' असे दाखविण्यात यावे, ही नम्र विनंती.*